हेरिंग गेला तेव्हाचं गाव

पावसाळ्यातली मासेमारीबंदी 31 जुलैला उठली की मालवणच्या बातम्यांत दरवर्षी तोच वाद सुरू होतो, पर्ससीनवाले (बोटीतून प्रचंड जाळ्याने अख्खा थवा घेरून उचलणारे) विरुद्ध रापणकर (किनाऱ्यावरून हाताने जाळं ओढणारे), रात्री मासा खेचायला लावलेले एलईडी दिवे, कर्नाटकातल्या मलप्याचे हायस्पीड ट्रॉलर, आणि मग कोणीतरी लिहितंच की पारंपरिक मच्छीमारांनी काळाप्रमाणे बदलायला पाहिजे. हे वाचलं की मला एन्स्टर आठवतं. नकाशात अँस्ट्रदर, स्कॉटलंडच्या फाइफ किनाऱ्यावरचं गाव, पण तिथले लोक एन्स्टरच म्हणतात. बाबांची डॉक्टरकीची नोकरी तिथे होती आणि 1979 साली आम्ही मालवणहून तिकडे गेलो, मी सात वर्षांची होते.

एकेकाळी हे हेरिंगचं मोठं बंदर. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या नात्यातला मासा. आम्ही पोचलो तेव्हा नॉर्थ सीमध्ये हेरिंग पकडायलाच बंदी होती, 1977 पासून. गावाजवळच्या खाडीतला हिवाळी हेरिंग तर त्याच्याही कितीतरी आधी संपलेला. बंदरात होड्या कमी आणि मच्छीमारीचं म्युझियम मात्र मोठं, ते 1969 लाच उघडलेलं. बाबा पहिल्यांदा आत गेले आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "मालवणात आपल्या दांडीच्या किनाऱ्यावर जे रोज बघायचो ते इथे काचेत ठेवलंय."

शेजारच्या आजी तरुणपणी हेरिंग साफ करायच्या. तीन-तीन बायकांची टोळी असायची, दोघी मासा चिरायच्या, तिसरी पिंपात मिठाचे थर देत भरायची, आणि माशाच्या मागे मागे त्या उत्तरेला शेटलंडपासून खाली इंग्लंडात यारमथपर्यंत जायच्या. सुरी लागू नये म्हणून बोटांना चिंध्या बांधायच्या, तरी कापायचंच आणि त्यात मीठ. त्यांची बोटं मी हातात घेऊन बघायचे. आई तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं करायची तेव्हा त्या दारात येऊन थांबायच्या, त्यांच्याकडे बांगडा म्हणजे आमिषाला लावायचा मासा, पण आईच्या हातचा आवडीने खायच्या, मिरचीने डोळ्यांत पाणी यायचं तरी.

हेरिंग का गेला? 1960 च्या दशकात ताकदीच्या यंत्रांवर ओढायची पर्ससीन जाळी नॉर्थ सीमध्ये आली, नॉर्वेचा ताफा सगळ्यात मोठा, लहान मासासुद्धा भरभरून उचलला गेला आणि पुष्कळसा फिशमीलच्या, म्हणजे जनावरांच्या खाद्यासाठी माशाची भुकटी करायच्या, कारखान्यात गेला. दहा-पंधरा वर्षांत साठा कोसळला. तेव्हाही हेच बोललं गेलं असणार, की काळ बदलतोय.

आता दुसरी बाजू. माझा मामेभाऊ पर्ससीन बोटीत भागीदार आहे, कर्ज आहे, दोन मुलं शिकतायत. फोनवर मी हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "तू थंय बसान बोलतंस, हंय पोटाक काय घालूचा?" त्याचं चुकीचं नाही. 2016 साली राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, 2017 साली केंद्राने एलईडी बंद केली, पण समुद्रात गस्त पुरेशी नसेल तर नियम पाळणाराच मागे राहतो, आणि मी इथे पेन्शनीत बसून त्याला त्याग शिकवावा हे मलाही बरं वाटत नाही. त्याला बोट सोडायला लावायची असेल तर सरकारने त्याचं कर्ज उतरवून ती विकत घ्यावी, नुसता दंड लावून काय होणार.

पण बंदीने काय होतं तेही मी पाहिलंय. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बंदी उठली, हेरिंग समुद्रात परत आला. एन्स्टरला नाही आला. आज तो थोड्याच अवाढव्य बोटी पकडतात, पीटरहेड, फ्रेझरबरा, शेटलंडच्या. एन्स्टरच्या उरलेल्या होड्या खेकडे आणि लॉबस्टर आणतात, बाकी बंदर पर्यटकांचं, पफिन पक्षी बघायला मे नावाच्या बेटावर जायची बोट सुटते. गाव देखणं आहे, पैसाही आहे, पण आजींच्या मुलांपैकी कोणीच समुद्रावर नाही गेलं.

तारकर्लीला स्कूबावाले आले, होमस्टे झाले, मला त्याचं वाईट वाटत नाही, त्यावर कितीतरी घरं चालतात. मात्र मासा असताना तो व्यवसाय जोडीला असणं वेगळं. रापण ओढायला चाळीस-पन्नास माणसं लागतात आणि मासळी सगळ्यांत वाटली जाते, ही पद्धत एकदा मोडली तर मासा परत आल्यावर ओढायला माणसं कुठून आणायची? मामेभावाला मी हेच विचारलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मे म्हयन्यात ये, बसान बोलया."

तिकीट काढलंय.