गोरं व्हायचंय? क्रीम नको, कोर्ट गाठा

हळद, साय, मसूरडाळीचं पीठ, ट्यूबमधलं क्रीम. वर्षानुवर्षं चोळत बसलात ना? फुकट गेलं सगळं. गोरेपणा कातडीवर नसतोच, तो सरकारी कागदावर असतो. तेव्हा आधी वकील बघा.

कोर्टात मात्र कातडी दाखवू नका. अमेरिकेचं नागरिकत्व मागताना ताकाओ ओझावा यांनी ती चूक केली. बाहेरून आलेल्यांत ते १७९० च्या कायद्याने ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसालाच मिळे. आफ्रिकी वंशाच्यांची भर पडली १८७० मध्ये. जपानी ओझावांचा रंग चांगला उजळ. नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना समजावलं, रंगाचं काय घेऊन बसलात, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा (युरोपीय लोकांना शास्त्रज्ञ ज्या वंशात मोजत, तो)!

हे वाचून उड्या मारू नका. तसंच नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंद यांनी मारली होती. पंजाबी माणूस कॉकेशियन असल्याचं तेव्हाची शास्त्राची पुस्तकंच सांगत, शिवाय ते अमेरिकी सैन्यात राहिलेले. वकील सखाराम गणेश पंडित. (नाव वाचून मान ताठ झाली? थांबा जरा.) युक्तिवाद असा, की उच्चवर्णीय हिंदू आर्यच, आणि सोयरिकीच्या बाबतीत तो आपल्याकडच्या आदिवासींना तसाच लेखतो, जसा अमेरिकन काळ्यांना. म्हणजे तुच्छ लेखण्यात आपण बरोबरीचे, मग भाऊच की! हा मुद्दा तुम्हीही जरूर वापरा. घरी सराव आहेच.

फेब्रुवारी १९२३. निकाल लिहिणारे तेच न्यायमूर्ती सदरलँड. आता म्हणाले, असाल कॉकेशियन, पण सामान्य माणूस काही तुम्हाला गोरा म्हणणार नाही. तीन महिन्यांत शास्त्र गेलं, पारावरचं मत आलं. दार तेच, कडी तेवढी येणाऱ्याचं तोंड बघून बदलली.

मिळालेलं नागरिकत्वही मग कित्येक भारतीयांकडून काढून घेतलं. कॅलिफोर्नियात १९१३ पासूनचा कायदा होताच: ज्याला नागरिक होता येत नाही, त्याने शेतजमीन घ्यायची नाही. घाम तुमचा, सातबारा दुसऱ्याचा. नातवंडांच्या वाट्याला काय येणार, हिशेब करून बघा.

धीर धरा मात्र. १९३० च्या अमेरिकी जनगणनेत ‘हिंदू’ हा चक्क एक वंश होता, शीखसुद्धा त्यातच. १९७० च्या जनगणनेत आपण गोरे झालो, अर्जही न करता! १९८० मध्ये ‘एशियन इंडियन’ होऊन पुन्हा बाहेर.

तेव्हा स्थळाच्या जाहिरातीत ‘वधू गोरी हवी’ असं मोघम लिहू नका. कोणत्या सालची जनगणना धरायची, तेही कंसात टाका.