सगळ्या ताया माहेरी, मग पुऱ्या तळायच्या कोणी?

भाऊबीज हा सण ज्यानं कोणी काढला त्याच्या घरात वहिनी नसणार. असलीच तर तिला भाऊ नसणार. दुसरं कुठलंही स्पष्टीकरण मला सुचत नाही.

माझ्या नवऱ्याला दोन बहिणी. थोरली साताऱ्याला, धाकटी चिंचवडला. भाऊबीजेला दोघी भावाकडे येणार, म्हणजे पुण्यात माझ्या घरी. मला एक भाऊ, नाशिकला. मी भावाकडे जायचं कधी? भाऊबीजेला. आणि त्याच दुपारी माझ्या स्वयंपाकघरात चौदा माणसांचा स्वयंपाक. लग्नाला सतरा वर्षं झाली, सतरा भाऊबिजा झाल्या, पण दर वर्षी घरात हा पेच असा चर्चेला येतो की जणू काल रात्रीच आकाशातून पडला.

चर्चा सुरू होते कोजागिरीला. गच्चीवर, मसाला दुधाचा पेला हातात घेऊन कोणीतरी विचारतं, "मग यंदा काय ठरलंय दिवाळीचं?" हे 'ठरलंय' मला डोक्यात जातं. कोणी ठरवलं? कधी? पाऊस पडतो तसं हे आमच्याकडे आपोआप ठरतं. आणि जे ठरतं त्यात मी गॅससमोर असते, हे इतकं गृहीत की ते मोठ्यानं म्हणायचीसुद्धा कोणाला गरज वाटत नाही.

2025 ची दिवाळी घ्या. कोजागिरी 6 ऑक्टोबरला झाली, दोन दिवसांत घरच्या ग्रुपवर धुरळा. कशावरून? लक्ष्मीपूजन 20 ला की 21 ला! अमावस्या सोमवारी दुपारी लागून मंगळवारी संध्याकाळी संपत होती, त्यामुळे आमच्याकडचे झाडून सगळे पुरुष पंचांगकर्ते झाले. एरवी ज्यांना स्वतःच्या मुलाची इयत्ता विचारावी लागते ते प्रदोषकाळावर परिच्छेद लिहीत होते. चुलत सासऱ्यांनी कुठल्या तरी पंचांगाच्या पानाचा फोटो टाकला, मेहुण्यांनी दुसऱ्याचा. तीन दिवस हे चाललं. शेवटी मी लिहिलं, "लक्ष्मीपूजन कधीही करा, गुरुवारी 23 ला भाऊबीज आहे, जेवणाचं काय?" त्यावर दोन अंगठे आले आणि एक गुलाबाचं फूल. संपली चर्चा.

मग मी घरात विषय काढला. म्हटलं, यंदा ताईंना शनिवारी बोलवू या का? शनिवारी सगळ्यांना सुट्टी असते. गुरुवारी माझ्या ऑफिसला सुट्टी नाही, ती रजा टाकून मी सकाळी नाशिकला जाते, भावाला ओवाळते, शुक्रवारी परत येते. शनिवारी आपण सगळे निवांत जेवू.

सासूबाईंचा हात चकलीच्या सोऱ्यावर थांबला. "अगं, तिथीला महत्त्व असतं ना. पोरी वर्षातून एकदा हक्कानं येतात. भाऊबीज काय शनिवारी करायची?"

बरं. तिथीला महत्त्व. मान्य. मग पाचच मिनिटांनी, त्याच खुर्चीत बसून, तोच सोऱ्या फिरवत, "तू जा की शनिवारी नाशिकला. भाऊबीज काय, तुळशीच्या लग्नापर्यंत कधीही चालते."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो फोनमध्ये. म्हणजे एकच सण, एकच घर, पण लेकींची भाऊबीज तिथीला आणि सुनेची तुळशीच्या लग्नापर्यंत. असं कुठलं पंचांग आहे, मला एकदा दाखवा. मी ते फ्रेम करून ओट्यावर लावते.

सासूबाई वाईट नाहीत. हे मला मुद्दाम लिहायचंय, कारण असं काही बोललं की लोक लगेच सासू-सून मालिका लावून मोकळे होतात. त्यांना एक भाऊ होता, तो गेला. आता बीजेच्या संध्याकाळी त्या बाल्कनीत उभ्या राहून चंद्राला ओवाळतात. मी एकदा विचारलं, "आई, मामा होते तेव्हा तुम्ही जायचात का हो?" तर म्हणाल्या, "कुठलं जमतंय. यांच्या बहिणी यायच्या ना." इतकंच. आणि निरांजन आत ठेवून त्या पुन्हा फराळाचे डबे भरायला बसल्या. तिथे माझा त्यांच्यावरचा राग संपला आणि बाकी सगळ्यांवरचा दुप्पट झाला. पुन्हा चंद्र निदान स्वतः उगवतो, त्याला ओवाळायला एसटीनं जावं लागत नाही.

आता मेनू. भाऊबीजेचा मेनू आमच्याकडे कायमचा आहे. श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, अळूवडी, मसालेभात, मठ्ठा. यातल्या श्रीखंडाची जबाबदारी नवऱ्याची. तो डेअरीतून दोन किलो श्रीखंड आणतो, फ्रीजमध्ये ठेवतो आणि हात झटकून म्हणतो, "चला, मेन आयटम झाला." अळूची पानं आणणं, शिरा काढणं, पीठ लावणं, गुंडाळणं, उकडणं, कापणं, तळणं, हे सगळं साइड आयटममध्ये येतं.

पण खरी मेख आहे पुरीत. पुरी गरम हवी. टम्म फुगलेली, थेट कढईतून ताटात. चौदा माणसं, माणशी सहा-सात पुऱ्या, मुलं मोजायची नाहीत म्हणता म्हणता दहा खातात. म्हणजे शंभर पुऱ्या. त्या गरम वाढायच्या तर कोणीतरी कढईपाशी उभं राहायलाच हवं, आणि जी उभी राहते ती पंगतीत नसते, हे पहिल्या घाण्यालाच पक्कं झालेलं असतं. बाहेरून आवाज येतात, "वहिनी, तू पण बस ना आमच्याबरोबर!" आणि त्याच दमात, "दोन गरम दे गं इकडे." अहो, बसू कशी? की कढईच बाहेर आणून ताटाशेजारी ठेवू? मी जेवते साडेतीनला. तेव्हा मठ्ठा संपलेला असतो आणि अळूवडीच्या ताटात नुसती कोथिंबीर उरलेली असते.

केटररकडून मागवू म्हटलं तर "घरच्या जेवणाची सर नाही." थाळीच्या हॉटेलात जाऊ म्हटलं तर "भाऊबीजेला हॉटेलात? मग ओवाळायचं काय, टेबलावर?" त्या दिवशी पुण्यातल्या थाळीवाल्यांच्या दारात तास-दीड तास उभं राहावं लागतं, तेव्हा तो प्रस्ताव मीही फार लावून धरला नाही.

बरं, आलेल्या नणंदा तरी सुखात असतात का? नाव नको. थोरल्या ताईंना दुपारी चारच्या आत निघायचं असतं, कारण संध्याकाळी त्यांच्या नणंदबाई कोल्हापूरहून साताऱ्यात त्यांच्या घरी येणार. म्हणून आमची पंगत साडेबाराच्या ठोक्याला बसायलाच हवी. ताई घास घेताना घड्याळ बघतात, ओवाळताना घड्याळ बघतात, एकीकडे घरी फोन करून विचारतात कणीक भिजवली का. आणि त्या कोल्हापूरच्या नणंदबाईंचीही कोणी नणंद असेलच की. महाराष्ट्रात त्या दिवशी बायकांची अशी एक अखंड साखळी हायवेवर असते. प्रत्येक जण एका घरी पाहुणी, दुसऱ्या घरी आचारी, आणि मधला वेळ खंबाटकी घाटात.

हे सगळं ज्या कथेवर उभं आहे ती कथा तरी एकदा नीट वाचा. यमद्वितीया. यम यमुनेच्या घरी जेवायला गेला. यम गेला! यमुना पिशवीत ओवाळणीचं ताट घालून, दोन मुलांना घेऊन, यमलोकाच्या गाडीला लटकत गेली नव्हती. माझी आजी सांगायची, त्या दिवशी पुरुषानं स्वतःच्या घरी जेवू नये, बहिणीच्या हातचं जेवावं. म्हणजे घर सोडायचं होतं भावानं. ते उलटं कधी झालं आणि कोणाच्या सोयीनं झालं, हे सांगायला काही संशोधक नको.

आणि सुलटं केलं की गणित चुटकीसरशी सुटतं, मी कागदावर मांडून बघितलंय. नवरा दुपारी चिंचवडला धाकटीकडे, रात्री साताऱ्याला थोरलीकडे. माझा भाऊ नाशिकहून माझ्याकडे. माझ्या भावजयीचा भाऊ जळगावहून नाशिकला तिच्याकडे. थोरल्या ताईंचे यजमान कोल्हापूरला आपल्या बहिणीकडे. एकाही बाईला घराबाहेर पडावं लागत नाही, प्रत्येक बाई तिथीला आपल्या भावाला ओवाळते, कुठल्याच घरात चौदा पानं होत नाहीत. स्वयंपाक तरीही बाईच्याच गळ्यात, ते आहेच, त्यावर मी वेगळी भांडेन. पण निदान ज्या भावासाठी पुऱ्या तळायच्या तो समोर बसलेला तर असेल!

हा कागद मी नवऱ्यासमोर ठेवला. त्यानं वाचला. खरोखर प्रामाणिकपणे दचकून म्हणाला, "अगं, एका दिवसात चिंचवड आणि सातारा? शक्य आहे का? त्या दिवशी रस्त्याला ट्रॅफिक किती असतं माहितीये?"

मला. मला विचारतोय, माहितीये का.

मी पुणे-नाशिक रस्त्याचा एकेक गतिरोधक ओळखते. पुण्याहून नाशिकला या मार्गानं जाणारी रेल्वे अजून नाही, येणार येणार म्हणून माझ्या मुलीचं बालपण संपलं. तेव्हा एसटी. ती पकडायला वाकडेवाडीला जायचं, कारण शिवाजीनगरचं स्टँड 2019 च्या शेवटी तिथे 'तात्पुरतं' हलवलंय. 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याबद्दल सरकारचे आभार, पण दिवाळीत आरक्षण मिळालं नाही तर ते अर्धं तिकीट उभ्यानं खर्ची पडतं. चाकणला गाडी थांबते ती थांबतेच. पुढे मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर. साधारण पाच तासांचा रस्ता, दिवाळीत सात धरायचे. मांडीवर फराळाचा डबा, त्यात अनारसे, आणि शेजारच्या मावशींचं नातवंड त्या डब्यावर झोपलेलं. मला ट्रॅफिक माहीत आहे.

तर ठरलं तसंच झालं. गुरुवारी शंभर पुऱ्या तळल्या. शनिवारी पहाटे निघून एकदाची नाशिकच्या द्वारका चौकात उतरले, भाऊ स्कूटर घेऊन न्यायला आला होता. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. आहाहा, माहेर. हात-पाय धुऊन पाटाभोवतीची रांगोळी बघते तोवर आतून तेलाचा वास आला.

भावजय कढईपाशी उभी. केस वर बांधलेले, कपाळावर पीठ. "ताई, तुम्ही बसा हो, दमून आलात. गरम गरम वाढते."

मी तिथेच खांबासारखी उभी राहिले. विचारलं, "तू जळगावला कधी जाऊन आलीस?"

"नाही गेले अजून. गुरुवारी आत्याबाई आल्या होत्या ना आईंना भेटायला. मग तुम्ही शनिवारी येणार म्हणाल्यावर..." तिनं पुरी उलटली. "बघू पुढच्या रविवारी. दादा म्हणाला, तुळशीच्या लग्नापर्यंत चालतं."

म्हणजे मी कोण? मी या घरातली साताऱ्याची ताई. मी फोनवर "शनिवारी येते गं" एवढंच कळवलं होतं, शनिवार तुला चालेल का हे विचारलंच नव्हतं. ठरलं होतं, नाही का! सतरा वर्षं मी स्वतःच्या कढईसमोर उभी राहून जिच्यावर चरफडत होते ती बाई नाशिकच्या त्या दारात मीच होते, हातात अनारशांचा डबा घेऊन.

झारा तिच्या हातातून घेतला. भावाला हाक मारली, म्हटलं, "पुऱ्या लाट." तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्यानं लाटणं उचललं. त्याची पहिली पुरी आफ्रिकेच्या नकाशासारखी झाली, फुगली मात्र. आई बाहेरून म्हणाली, "अगं, ओवाळायच्या आधी त्याला कुठे कामाला लावतेस!" ओवाळलं नंतर. ओवाळणीत पाचशे रुपये मिळाले, त्यातले तीनशे त्याच्याच मुलांच्या हातावर ठेवून आले, नेहमीप्रमाणे.

परत आल्यावर मी घरच्या ग्रुपवर यमाची कथा, माझं सगळं गणित आणि कोण कोणाकडे जाईल याचा तक्ता टाकला. दोन अंगठे आले. धाकट्या नणंदेनं लिहिलं, "वहिनी भारी!! पण आईच्या हातचं राहील ना गं." आईच्या हातचं. सतरा वर्षं ते माझ्या हातचं आहे.

पुढची भाऊबीज 11 नोव्हेंबर 2026, बुधवार. माझी रजा मंगळवारपासून आहे. भावजयीला तिच्या भावाकडे पाठवून मी नाशिकला माझ्या भावाच्या हातच्या नकाशाच्या पुऱ्या खाणार आहे, कच्च्या निघाल्या तरी. पुण्यात श्रीखंड डेअरीतून येईलच. कढई ओट्याखालच्या उजव्या कप्प्यात आहे, झारा वरच्या खिळ्याला. बाकी काय ते ग्रुपवर ठरवा.