ग्रंथपाल, अद्ययावत व्हा!

‘ड’ वर्ग, म्हणजे सरकारी अनुदानाच्या उतरंडीत सर्वांत खालचं वाचनालय चालवता ना? मग आजपासून तुम्ही माहिती व्यवस्थापक, समुपदेशक आणि डिजिटल साक्षरतेचे दूत. झाडू मारण्याचं कामही तुमच्याकडेच राहील, काळजी नसावी.

प्रशिक्षणाचं पत्र आलं की पहिल्या एसटीनं निघा. भाडं कोण देणार, असलं काही विचारू नका. तिथे ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि वाचनसंस्कृती’ यावर व्याख्यान असेल. मान डोलवत राहा. मग भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची १९३१ची पंचसूत्री येईल. ती तुम्हाला पाठ असल्यानं एक डुलकी चालेल. फक्त ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे चौथं सूत्र सुरू असताना घड्याळाकडे बघू नका, वक्त्यांना वाईट वाटतं.

परत आलात की संगणकीकरण हाती घ्या. दाखल रजिस्टरमधली पुस्तकं एकेक करून टाइप करायची. वीज गेली तर वाळवी लागलेलं कपाट उन्हात काढा, तेवढाच वेळ सत्कारणी. सगळं संगणकात गेलं म्हणून रजिस्टर मात्र रद्दीत घालू नका. तपासणीला येणारे साहेब पहिल्यांदा तेच मागतात.

पगाराचा विषय कुठल्याही सत्रात निघत नाही, म्हणून इथेच उरकू. २०२२ मध्ये शासनानं अनुदान ६० टक्क्यांनी वाढवलं. टक्केवारीवरच थांबलात तर छाती फुगते. ‘ड’ वर्गाला वर्षाचे ३० हजार मिळत, ते ४८ हजार झाले. त्यातले निम्मे वेतनावर. भागाकार करून बघा: महिना २ हजार. तेही दरमहा नाहीत. अनुदानाचे हप्ते वर्षाला दोन, पगारही त्यांच्याच पावलांनी येतो. किराणावाल्याला हे नीट समजावून सांगा. संवादकौशल्याचं सत्र झालंय ना तुमचं?

एवढं झालं की संध्याकाळी एखाद्या काकू येतील. “अहो, ते निळ्या कव्हरचं द्या ना, मागे आमच्या शेजारणीनं नेलं होतं ते.” नाव नाही, लेखक नाही. तिसरं कपाट, वरची फळी, डावीकडून दुसरं, हे तुम्हाला झोपेतही ठाऊक आहे. तरी लगेच उठू नका. आधी दोन मिनिटं कीबोर्ड खटखटवा, भुवया जरा आवळा, आणि मगच कपाटाकडे वळा. प्रशिक्षण झाल्याचं लोकांना दिसायला नको?