आजोबांची जमीन आणि आजोबांचे देणे

राजवाड्याजवळच्या कट्ट्यावर परवा संध्याकाळी ग्लॅडस्टन घराण्याच्या माफीचा, म्हणजे गुलामांचे मळे बाळगलेल्या या ब्रिटिश घराण्याच्या वंशजांनी 2023 मध्ये मागितलेल्या माफीचा, विषय पुन्हा निघाला. तो काढला नंदूने, कारण इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये नऊ वर्षे नोकरी करून साताऱ्याला परतलेल्या या मुलाला आपल्या पगारातून कापलेला कर कोठे गेला, हे अजून सलते. 1833 च्या कायद्याने वसाहतींतील गुलामगिरी संपवताना ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली, ती गुलामांना नव्हे तर त्यांच्या मालकांना, आणि त्यापायी झालेले कर्ज 2015 मध्ये फिटले. "ज्यांचे पूर्वज त्या मळ्यांवर विकले गेले, त्या जमैकाच्या नर्सबाईही ते कर्ज फेडत होत्या आणि मीही," असे नंदू म्हणाला, तेव्हा कट्ट्यावर क्षणभर कोणी बोलले नाही.

तात्यांचे बोलणे मात्र नेहमी निकालापासून सुरू होते. "गुलामगिरी बंद केली ती इंग्रजांनीच, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आरमार ठेवून गुलामांची जहाजे पकडली तीही त्यांनीच. आजच्या गोऱ्या माणसाने कोणाला फटके मारले आहेत? गोऱ्याला जन्मतःच सवलत मिळते म्हणता, पण इंग्लंडमधल्या डरहॅमच्या खाणीत कोळसा काढणाऱ्याच्या नातवाला कसली आली जन्माची सवलत?"

शेवटचा प्रश्न वजनदार होता आणि सुमनताईंनी तो टाळला नाही. तीस वर्षे इतिहास शिकवलेल्या या बाई आवाज न चढवता बोलतात, म्हणून त्यांचे ऐकावे लागते. खाणकामगाराच्या नातवाला मळा मिळाला नाही, हे त्यांनी मान्य केले आणि मग नंदूला त्याच्या घराची गोष्ट सांगायला लावली. घर शोधताना नंदूने फोनवर नाव सांगितले की घर आत्ताच गेले, असे उत्तर येई. एकदा शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या सहकाऱ्याने त्याच घरासाठी, त्याच क्रमांकावर, दहा मिनिटांनी फोन केला आणि त्याला दुपारी चारची वेळ मिळाली. फोन ठेवल्यावर तो गृहस्थ बराच वेळ गप्प होता. आपण चाळीस वर्षे या देशात राहतो आणि हे आपल्याला कधी दिसलेच नाही, एवढेच तो शेवटी म्हणाला.

"पण त्यात त्याचा काय दोष?" तात्यांनी विचारले.

"दोष त्याचा नसेल," सुमनताई म्हणाल्या, "पण चारची वेळ त्यालाच मिळाली."

मग त्यांनी मँचेस्टरच्या कामगारांची आठवण काढली. अमेरिकेतील यादवीमुळे दक्षिणेचा कापूस येईनासा झाला, गिरण्या बंद पडल्या, घरात दाणा उरला नाही, आणि अशा दिवसांत, 31 डिसेंबर 1862 रोजी, त्या कामगारांनी सभा भरवून लिंकनला पाठिंब्याचे पत्र पाठवले. आपल्या पोटावर पाय येत असतानाही ज्यांना न्याय कोणत्या बाजूला आहे हे कळले, ते गोरेच होते. आमच्याच जिल्ह्यातल्या कटगुणचे मूळ असलेल्या जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशाही तेथेच लिहिली. "तेव्हा गोऱ्या माणसाकडून ही न्यायाची जाण मागणे म्हणजे त्याचा अपमान आहे असे समजू नका, तात्या. त्याला हे जमते, हे आपण पाहिलेले आहे." मला स्वतःला त्या संध्याकाळचे हे वाक्य सर्वांत मोलाचे वाटले.

ग्लॅडस्टन घराण्याचा हिशेब वेगळा आहे. चार वेळा पंतप्रधान झालेल्या विल्यमचे वडील जॉन ग्लॅडस्टन यांना 2,508 गुलामांच्या बदल्यात 1,06,769 पौंड मिळाले. आणि गुलाम हातचे जाणार हे दिसताच त्यांनी कलकत्त्याहून मजूर मागवले, ते 1838 मध्ये 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' या जहाजांतून गयानाच्या उसाच्या मळ्यांवर उतरले. गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, कहाणी तिथे अशी सुरू झाली. ऑगस्ट 2023 मध्ये वंशजांनी जॉर्जटाउनच्या विद्यापीठात उभे राहून गुलामगिरीबद्दल आणि या मजुरीबद्दलही माफी मागितली व संशोधनासाठी एक लाख पौंड देऊ केले. निषेधाचे फलक समोर असताना ते बोलले, याचे श्रेय मी त्यांना देतो.

एवढ्यात वकीलसाहेबांनी जुना धर्मशास्त्राचा नियम सांगितला, की बापाचे कर्ज मुलाने व्याजासह फेडावे आणि आजोबांचे नातवाने बिनव्याजी. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने हे बंधन नव्या कर्जांपुरते आता उठले आहे. तात्यांनी लगेच त्याच शास्त्राचा आधार घेतला. दारू-जुगारासाठी काढलेले अव्यावहारिक कर्ज मुलावर येत नाही, मग पूर्वजांचे पाप कसे येईल?

"पापाचे कर्ज नको म्हणणाऱ्याला पापाची जमीनही सोडावी लागते," सुमनताई म्हणाल्या. "आजोबांच्या अडीच एकरांसाठी तुम्ही चुलतभावाशी बावीस वर्षे कोर्टात भांडत आहात. आजोबांचे ते आजोबांबरोबर गेले, असे एकदा तरी म्हणालात का?"

कट्टा हसला, तात्यांचा तो दावा चालवणारे वकीलसाहेब सर्वांत मोठ्याने हसले, आणि पुढची तारीख पुन्हा पुढे गेल्याचा जुना राग काढून तात्यांनी त्यांना चांगलेच फैलावर घेतले. ते शांत झाल्यावर त्यांनी हळूच विचारले, "पण नातवाला व्याज माफ असते ना?"

"व्याजाचे राहू द्या, तात्या," सुमनताई पिशवी उचलत म्हणाल्या, "मुद्दलातच 6,769 पौंड कमी आहेत."