घेऊन जाय गे मारबत, पण कोणाले?

ताडपत्रीचा विषय निघाला की आमची बायको आता गुमान उठून चहा मांडायला जाते, इतक्यांदा ऐकलंय तिनं. दोन वर्षांमागं सोयाबीनच्या गंजीवर टाकायला म्हणून शेजारच्या भाऊनं नेली, आन ती गेली ते गेलीच. मागून पाहिली, टोमणे मारून पाहिले, पोळ्यात तोरणाखाली बैल उभे असताना झडतीत, म्हणजे पोळ्यात म्हणतात त्या गाण्यात, नाव न घेता ताडपत्री बसवली, तर सारा पोळा हासला आन सगळ्यात जास्त भाऊच हासले. आता बोला!

मंग म्हटलं मारबतीलेच सांगू. मारबत म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणारी बाई, तिचा पुतळा काढतात. नागपुरात काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, संगं बडगे, म्हणजे आणखी पुतळे, कधी महागाईचा कधी भ्रष्टाचाराचा. आमच्या खेड्यात एवढा थाट कुठं? पोळ्याला दारात पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, ठेवायचे, दुसऱ्या दिवशी अंधारातच उचलून शिवेबाहेर फेकायचे आन जाताना बोंबलायचं, खासी-खोकला, डास-मोंगसे घेऊन जाय गे मारबत!

मी मुद्दाम भाऊच्या दारापुढं थांबलो.

"लोकाची ताडपत्री दाबून बसणाऱ्याले घेऊन जाय गे मारबत!"

दार उघडलं. भाऊ बनियनवर, हातात मेढा, अर्धे झोपेत. रागावले नाही, त्याच सुरात बोंबलले,

"आन लोकाच्या फवारा पंपाचा चार्जर दाबून बसणाऱ्यालेही!"

चार्जर... खोटं काय बोलू, तो आमच्या फ्रिजमागं खिळ्याले टांगलेला आहे, त्याच्यावर भाऊचं नाव पेनानं लिहिलेलं आहे आन पाणी प्यायला गेलो की रोज ते नाव दिसते. पण माह्या हिशोबात तो 'राहून गेलेला' होता. 'दाबलेली' फक्त ताडपत्री.

मेढे घेऊन दोघं सोबतच निघालो, बराच वेळ कोणीच बोलेना.

"ताडपत्री उंदरानं कुरतडली गा," भाऊ हळूच म्हणाले, "तशी कशी आणून देऊ, लाज वाटली."

"चार्जर जळला भाऊ. मागच्याच वर्षी."

"हात्तिच्या!"

शिवेवर मेढे फेकले. दोघंही घसा फाटेस्तोवर बोंबललो, पण नुसतं डास-मोंगशांच्याच नावानं.