मंकी आयलंड: अडकवणं वेगळं, फसवणं वेगळं

जुन्या कॉम्प्युटर गेम्सबद्दल कुणी हळवं होऊन बोलायला लागलं की मी सावध होते. लहानपणी आवडलं म्हणून ते चांगलंच होतं असं कुठंय? बऱ्याचदा आपण लहान होतो, एवढंच त्याचं भांडवल असतं. म्हणून या सुट्टीत 'मंकी आयलंड'चे सहाही भाग ओळीनं खेळायला घेतले तेव्हा शेजारी भाचीला बसवलं. ती तेरा वर्षांची. तिला त्या काळच्या कसल्याच आठवणी नाहीत, आणि मावशीला वाईट वाटेल म्हणून एखादी गोष्ट गोड मानून घ्यायचा स्वभावही नाही.

ज्यांनी हे नावच ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिला भाग १९९० सालचा, लुकासफिल्म गेम्सचा. रॉन गिल्बर्ट, टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन ही लिहिणारी मंडळी. गायब्रश थ्रीपवुड नावाचा एक किडकिडीत पोरगा कॅरिबियन समुद्रातल्या मेले बेटावर येतो आणि भेटेल त्याला सांगतो, मला चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, व्हायचंय. तिथं एलेन मार्ली नावाची गव्हर्नर आहे, लेचक नावाचा मरूनही न सुटलेला चाचा आहे, आणि पुढं सगळा गोंधळ आहे. बंदुका नाहीत, घड्याळ नाही. फिरायचं, लोकांशी बोलायचं, दिसेल ते खिशात घालायचं आणि कुठली वस्तू कुठं लागू पडते ते डोकं लावून शोधायचं.

म्हणजे खरं तर बहुतेक वेळ अडकून बसायचं. आणि माझं म्हणणं त्या अडकण्याबद्दलच आहे. एका अडकण्यात उत्तर सापडल्यावर आपण कपाळावर हात मारतो, अरे, हे तर डोळ्यांसमोर होतं! दुसऱ्या अडकण्यात उत्तर कळल्यावर ते रचणाऱ्याला दोन सणसणीत शिव्या हासडाव्याशा वाटतात. मंकी आयलंड विनोदामुळे टिकला असं सगळे म्हणतात. विनोद आहेच. पण तो टिकला कारण गिल्बर्टला या दोन्हींतला फरक कळला होता. ॲडव्हेंचर गेम्स, म्हणजे असे गोष्टीचे आणि कोड्यांचे खेळ, इतके वाईट का असतात यावर त्यानं १९८९ साली चक्क एक लेख लिहिला होता. खेळाडूला उठसूट मारू नका, मागं राहिलेल्या एखाद्या वस्तूपायी त्याचा पुढचा रस्ता गुपचूप बंद करू नका, असं त्यात रोखठोक मांडलं होतं. पुढच्याच वर्षी ते करूनही दाखवलं.

हे किती धाडसाचं होतं ते त्याच १९९० सालचा सिएरा कंपनीचा 'किंग्ज क्वेस्ट'चा पाचवा भाग खेळल्यावर कळतं. तो रचणाऱ्या रोबर्टा विल्यम्स यांच्याबद्दल मला आदर आहे, चित्रं घालून कॉम्प्युटरवर गोष्ट सांगायची वाट त्यांनीच पाडली. पण त्या पाचव्या भागात एक मांजर उंदराच्या मागं पळत पडद्यावरून जातं. त्या दोन-चार सेकंदांत तुम्ही मांजराला बूट फेकून मारला नाही, तर पुष्कळ पुढं गेल्यावर एका खानावळीच्या तळघरात हातपाय बांधलेल्या अवस्थेत तुमचा खेळ संपतो. कारण दोर कुरतडायला तो उंदीर येत नाही. का येत नाही, हे कुणी सांगत नाही. भूक लागली म्हणून जवळचा पाय (pie, म्हणजे भाजलेला गोड पदार्थ) खाल्लात तरी तेच. पुढं हिममानव आडवा येतो आणि त्याच्या तोंडावर फेकायला काही उरत नाही. खाण्याची वस्तू खाल्ली, हा गुन्हा! मग मागच्या सेव्हवर जा. आमच्याकडं तेव्हा वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, त्यामुळे सेव्ह असला तर असायचा.

मंकी आयलंडमध्ये याची उघड टिंगल आहे. एके ठिकाणी गायब्रश कड्यावरून कोसळतो. पडद्यावर सिएराच्या थाटातली चौकट येते, आता सगळं पहिल्यापासून सुरू करा. भाचीचा चेहरा पडला. दुसऱ्या क्षणी गायब्रश खालून उसळी मारून परत कड्यावर उभा, आणि शांतपणे सांगतो की खाली रबराचं झाड होतं. ती हसली, पण मला जास्त हसू आलं, कारण त्या चौकटीचा मार मी खाल्लेला आहे.

दुसरी जागा पाण्याखालची. गायब्रशला एका जड मूर्तीला बांधून समुद्रात ढकलून देतात. आजूबाजूला सुऱ्या, तलवारी, धारदार वस्तूंचा खच, आणि एकीपर्यंतही हात पोचत नाही. भाचीनं प्रत्येक सुरीवर क्लिक करून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "मावशी, हे बरोबर नाही हं." मी गप्प. गायब्रश दहा मिनिटं श्वास रोखू शकतो असं त्यानं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं असतं, तेवढा वेळ खरोखरच मिळतो. बऱ्याच वेळानं तिनं मूर्तीवरच क्लिक केलं. त्यानं मूर्ती उचलून खिशात घातली आणि चालत वर आला. एवढंच उत्तर! ती किंचाळलीच. हे कोडं रचणाऱ्यानं काही लपवलं नव्हतं. आपणच सुऱ्यांकडं बघत बसलो.

आता तलवारबाजी. याबद्दल मी कितीही बोलू शकते, तेव्हा सहन करा. मंकी आयलंडमधली तलवार हातानं नाही, तोंडानं चालते. समोरचा टोमणा मारतो, तुम्ही त्याला नेमकं उत्तर द्यायचं. उत्तर चपखल बसलं की तो मागं सरकतो, नाही बसलं की तुम्ही. सुरुवातीला तुम्हाला धड काहीच येत नाही, त्यामुळे हरता. पण हरताना ऐकलेला टोमणा तुमचा होतो. तो पुढच्या चाच्यावर टाकायचा, त्याला उत्तर येत असेल तर तो देतो, आणि ते उत्तरही तुमचं. शिकायला हरावंच लागतं, आणि हरल्याचा दंड काहीच नाही. मग बेटावरची तलवारबाजीची उस्ताद कार्ला समोर येते, आणि तिचे टोमणे सगळेच नवीन! पाठांतर करून आलेला तिथंच गार. जुनी उत्तरं नव्या टोमण्याला कशी लागू पडतील ते उभ्या उभ्या ठरवायचं. "तू गवळ्यासारखा लढतोस" याला "शोभतंय, तू गायीसारखा लढतोस" हे उत्तर तुम्ही रस्त्यावर शिकलेले असता. कार्ला म्हणते, तुझ्या अंगातलं रक्त थेंब थेंब पिळून काढीन. तिलाही गायीचंच उत्तर मारायचं.

तमाशातल्या काळू-बाळूंच्या कवलापूरपासून हाकेच्या अंतरावर वाढलेल्या माणसाला यात वेगळं काय समजावून सांगायचं? वगात शब्दाला शब्द असाच भिडतो. माझ्या भावाला इंग्रजी बेताचं यायचं तेव्हा, तरी ही लढाई त्याला सगळ्यात आधी कळली. हे टोमणे लिहायला विज्ञानकथा लिहिणारे ऑर्सन स्कॉट कार्ड यांची मदत घेतली होती.

तेव्हा आम्ही खेळायचो ते विश्रामबागेत आतेभावाच्या घरी. खेळ अर्थातच कॉपी करून आणलेला. चाच्यांचा खेळ तोही चोरीचा, पण सांगलीत विकत मिळत तरी कुठं होता? चोरी पकडायला कंपनीनं पुठ्ठ्याची दोन चकत्यांची चकती दिलेली असायची, ती फिरवून पडद्यावरचा चाच्याचा चेहरा जुळवायचा आणि दिसेल ते साल टाइप करायचं. आमच्याकडं त्या चकतीची झेरॉक्स होती, कात्रीनं कापून मधोमध टाचणी मारलेली.

ग्रॉगचं कोडंही सांगितलंच पाहिजे. ग्रॉग म्हणजे चाच्यांची दारू, रॉकेल आणि बॅटरीतलं ॲसिड वगैरे घालून केलेली. (अर्जेंटिनातल्या एका वृत्तवाहिनीनं २००९ साली ही यादी खरी समजून बातमी चालवली होती. आपल्याकडं झालं असतं तर त्यावर चर्चासत्रही झालं असतं.) तुरुंगाचं कुलूप वितळवायला ती तिथवर न्यायची, पण ती मगालाच खाते. तर वाटेत एका मगातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ओतत पळायचं. भाचीचा पहिला मग रस्त्यातच वितळला आणि तिचा हात फोनकडं गेला. फोन मी आधीच स्वयंपाकघरात नेऊन ठेवला होता. चिडली. मग बारमधले सगळे मग गोळा करून आली. उत्तर तिला त्या वितळण्यातूनच मिळालं होतं. चुकलेला प्रयत्न पुढचं पाऊल सांगतो, याला मी प्रामाणिक कोडं म्हणते.

दुसरा भाग १९९१ चा. तो सगळ्यात श्रेष्ठ असं म्हणायची पद्धत आहे. मला नाही पटत. संगीत मात्र अफाट. मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी आयम्यूज नावाची यंत्रणा तयार केली, त्यामुळे वुडटिक गावात एका खोलीतून दुसरीत शिरलं की तीच धून न तुटता वेगळं वळण घेते. आम्ही तेव्हा हे कॉम्प्युटरच्या पिपाणीवर ऐकलं, म्हणजे ऐकलंच नाही. आता हेडफोन लावून नुसती ये-जा करत बसले. पण कोडी? एका धबधब्याचा पंप फिरवायला तिथं चक्क माकड वापरायचं, पान्ह्यासारखं पिळून. ते माकड दुसऱ्या बेटावरच्या दारूच्या गुत्त्यात पियानो वाजवत असतं, त्याच्या तालयंत्रावर केळं ठेवून त्याला आधी भारून टाकायचं. हे सुचायला हवं तरी कुठून? अशा पान्ह्याला इंग्रजीत 'मंकी रेंच' म्हणतात, म्हणून माकड. म्हणजे त्याचा सुगावा खेळात नाही, अमेरिकेतल्या हार्डवेअरच्या दुकानात आहे. याला मी फसवणं म्हणते, मग रचणारा गिल्बर्ट का असेना.

१९९७ चा तिसरा गिल्बर्टशिवाय झाला, आणि लोक नाक मुरडोत, मला तो दुसऱ्यापेक्षा आवडतो. हातानं काढलेली चित्रं, मरी नावाची बडबडी कवटी, आणि समुद्रावरच्या लढाईत टोमण्याला उत्तर यमक जुळवूनच द्यायचं. २००० चा चौथा मधूनच सोडावा. २००९ चे टेलटेल कंपनीचे पाच तुकडे बरे आहेत, एवढंच.

२०२२ चा सहावा गिल्बर्ट आणि ग्रॉसमन यांनी परत येऊन केला, आणि त्याच्या शेवटावरून जगभर भांडणं झाली. (खेळायचा असेल तर हा परिच्छेद सोडा.) पहिल्या भागाच्या नावातच असलेल्या ज्या 'मंकी आयलंडच्या रहस्या'ची तीस वर्षं वाट पाहिली, ते पेटीत एक टी-शर्ट निघतं. लोकांना फसवल्यासारखं वाटलं. पण पहिल्या भागात मेले बेटाचा खजिना खणल्यावर काय निघालं होतं? टी-शर्टच! सुगावा १९९० पासून उघड्यावर पडला होता. माझी तक्रार वेगळीच आहे. या भागात गायब्रशला सूचनांची एक वहीच मिळते, आणि कोडीही इतकी मऊ की ती क्वचित लागते. अडकवायलाच घाबरणारा मंकी आयलंड मला नको.

कुणाला खेळायचा असेल तर पहिल्याची २००९ ची नवी आवृत्ती घ्या आणि लगेच एफ-१० दाबून जुन्या चित्रांवर जा. नव्यातले गायब्रशचे केस बघवत नाहीत. पहिला, मग तिसरा, मग दुसरा.

आम्ही मात्र दुसरा मधेच थांबवलाय. भाची त्या धबधब्यापाशी पोचली आहे आणि रोज जेवताना नवीन तर्क लढवते आहे. पंपाचं उत्तर मी तिला सांगून टाकणार आहे. त्याच भागातल्या थुंकण्याच्या स्पर्धेचं मात्र नाही, तिथं बसू दे तिला महिनाभर.