येशूला देव कोणी 'केले'?

नाताळ जवळ आला की ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच संदेश पुन्हा फिरू लागतो : येशू हा एक सज्जन उपदेशक होता, इ.स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने निकेया (आजच्या तुर्कस्तानात) इथल्या बिशपांच्या परिषदेत मतदान घेऊन त्याला देव ठरवले. आणि जो बेथलेहेमात जन्मला, जो देवाचा पुत्र म्हणवतो, तो अनादी कसा?

पहिला दावा सनावळीपुढेच टिकत नाही. निकेया ज्या बिथुनियात आहे, त्याच प्रांताचा रोमन शासक धाकटा प्लिनी याने परिषदेच्या दोनशे वर्षे आधी, इ.स. ११२च्या सुमारास, सम्राट ट्रेजनला कळवले होते की ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. प्लिनी त्यांना देहदंड देत होता. त्यांची तळी उचलून धरण्याचे त्याला कारण नव्हते.

मतदानाची गोष्टही अर्धवट आहे. येशू माणूस की देव, हा निकेयाचा वादच नव्हता. ज्याचे मत तिथे फेटाळले गेले, तो अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियससुद्धा पुत्राला जगाच्या आधीचाच मानत होता. त्याचे म्हणणे एवढेच, की पुत्र निर्माण केलेला आहे आणि तो नव्हता अशीही एक वेळ होती. हे नाकारणाऱ्या मतसारावर, म्हणजे परिषदेने ठरवलेल्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यावर, सही करायला शेवटी दोनच बिशपांनी नकार दिला. आणि सगळा खेळ सम्राटाचा होता म्हणावे, तर त्याच कॉन्स्टंटाइनने ३३७ मध्ये मृत्यूशय्येवर बाप्तिस्मा घेतला तो एरियसच्या बाजूला झुकलेल्या बिशपाच्या हातून, आणि निकेयाच्या मताचा कैवारी बिशप अथानासियस पाच वेळा हद्दपार झाला.

'पुत्र' शब्दावरची शंका जुनीच आहे. दिवा आणि त्याचा उजेड यांत आधी कोण, असे आपण विचारत नाही, तसेच पिता आणि पुत्राचे, हे तिचे तितकेच जुने उत्तर.

राहिला जन्म. अनादी 'शब्द', म्हणजे पुत्र, देहधारी झाला, असे योहानाचे शुभवर्तमान म्हणते. बेथलेहेमात देह जन्मला, पुत्राचे अस्तित्व नव्हे. ठाण्यातल्या तलावपाळीजवळचे चर्च ज्याच्या नावाचे आहे, तो बाप्तिस्मा करणारा योहान लूकच्या शुभवर्तमानाच्या हिशेबाने येशूहून सहा महिन्यांनी मोठा, म्हणूनच त्याच्या जन्माचा सण नाताळच्या सहा महिने आधी, २४ जूनला येतो. आणि तोच योहान येशूकडे बोट दाखवून सांगतो, की माझ्यामागून येणारा हा माझ्यापूर्वी होता.